असून नसणाऱ्यांची हजेरी

माणसे मोजण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. पातशाही अमलात घोड्यास डाग देण्याची आणि स्वाराचा चेहरा लिहून ठेवण्याची वहिवाट होती, आणि ती पडण्याचे कारण असे की हजेरीच्या दिवशी शंभर स्वार उभे करून तनखा उचलणारा सरदार मोहिमेच्या दिवशी चाळीसच घेऊन येई व उरलेल्या साठांविषयी विचारणा झाली असता ज्वर, विवाह किंवा पूर आलेली नदी यांपैकी जे सोयीचे असेल ते पुढे करी. मराठी फौजेत सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि पदरचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, असा भेद होता. दोघांचे दर निराळे, मान निराळा, आणि बहुधा तक्रारीही निराळ्या. तथापि त्या काळच्या दफ्तरदारास एक सुख होते, ते हे की समोर उभा असलेला इसम आहे की नाही याविषयी त्याच्या मनात संदेह नसे. बारगीर असो वा शिलेदार, तो आहे, एवढे तरी त्याला निर्वेधपणे कागदावर लिहिता येई.

आमच्या काळी ही सोय राहिलेली नाही. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यासाठी कंत्राटी कामगारांच्या व्यवस्थेची संगणक-प्रणाली रचावयाची होती आणि त्या समितीवर, निवृत्त कामगार अधिकारी या नात्याने, मला घेण्यात आले. कारखान्याचे नाव सांगून कोणाचाच फायदा नसल्यामुळे ते सांगत नाही. मजपुढे जो प्रश्न ठेवण्यात आला तो थोडक्यात असा: तीन पाळ्यांत घाम गाळणारे, दुपारी उपाहारगृहासमोर प्रत्यक्ष रांग लावणारे आणि रांग हलली नाही तर प्रत्यक्ष ओरडणारे हजारभर धट्टेकट्टे इसम प्रणालीत अचूक नोंदलेले असावेत, ते कोणत्या मिनिटाला फाटकातून आत आले, कोणत्या यंत्रावर उभे राहिले, किती नग काढून गेले, हे सर्व व्यवस्थापनास क्षणार्धात कळावे, परंतु त्यांतील एकही इसम कंपनीचा आहे असे त्या प्रणालीने, कोणत्याही पडद्यावर, कोणत्याही परिस्थितीत, चुकूनसुद्धा म्हणू नये. तरुणपणी वेदान्ताची प्रकरणे चाळून सोडून दिली होती, त्यांचा उपयोग उतारवयात भोसरी-चाकण रस्त्यावर होईल अशी कल्पना मला नव्हती.

समितीत मनुष्यबळ विभागाचे प्रमुख होते, कंपनीचे वकीलसाहेब होते, टाइम ऑफिसातले एक जुने कारकून होते, आणि हिंजवडीहून आलेले दोन तरुण प्रणालीकार होते. या दोघांनी पहिल्याच बैठकीत, अत्यंत निष्पाप मुद्रेने, असे विचारले की कर्मचाऱ्यांचा तक्ता तर तयारच आहे, त्यात कायम की कंत्राटी असा एक रकाना वाढवला की काम झाले, नाही का सर? वकीलसाहेब खुर्चीवरून अर्धे उठले. एखाद्या सोवळ्यातल्या माणसाच्या ताटाला भलत्याचा हात लागावा तशी त्यांची मुद्रा झाली. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात कंत्राटी माणसाची ओळ घालणे म्हणजे उद्या औद्योगिक न्यायालयात आपल्याच हाताने पुरावा नेऊन देणे होय, असे त्यांनी बजावले. आणि मग जे विवेचन केले ते त्या तरुणांच्या कानांवरून गेले असले तरी मला त्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षे ऐकू आली.

गोष्ट अशी आहे. १९७० साली कंत्राटी कामगारांचा जो केंद्रीय अधिनियम झाला त्याच्या नावात नियमन आणि निर्मूलन हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात. पैकी पहिल्याची नमुनापत्रके निघाली आणि दुसरे सवडीने करावयाचे राहिले. या कायद्यान्वये माणूस ठेकेदाराचा, काम मुख्य मालकाचे, आणि दोघांमधला करार खरा असेल तर त्या माणसाचा मुख्य मालकाशी संबंध नाही. पण करार केवळ देखाव्याचा असेल, म्हणजे हुकूम कंपनीचा, देखरेख कंपनीची, शिक्षा कंपनीची आणि ठेकेदार फक्त बिलापुरता, असे दिसून आले तर त्या माणसास कंपनीचाच कामगार धरता येते. २००१ साली स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कंत्राटी पद्धतीस बंदी झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत असे सांगताना, देखाव्याच्या करारापुरती ही वाट मोकळी ठेवली. तेव्हापासून वकील मंडळींचे सारे कसब, देखावा हा देखावा दिसू नये यासाठी काय करावे, या एका कलेत एकवटले आहे. आणि संगणक-प्रणाली ही तर मुळातच अशी वस्तू, की जी कोणी काय केले, केव्हा केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, हे सेकंदासकट लिहून ठेवते. ज्याला काही लपवावयाचे नसते त्याला ती गुणकारी. इतरांनी ती फार विचारपूर्वक मागवावी.

म्हणून प्रत्येक बटणावर काय लिहावे याचा खल सुरू झाला. रजेच्या अर्जाखाली ‘मंजूर’ असे बटण प्रणालीकारांनी ठेवले होते. ते काढावे लागले, कारण रजा मंजूर करणारा तो मालक. त्याच्या जागी ‘नोंद घेतली’ असे आले. ‘समज द्या’ हे बटण गेले व ‘ठेकेदाराच्या प्रतिनिधीचे लक्ष वेधा’ असे साडेतीन इंच लांबीचे बटण आले, जे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मावेना. कामाची वाटणी करणारा पडदा तर तीन बैठका पुरला. प्रत्यक्षात असे होते की कंपनीचा पर्यवेक्षक सकाळी पाळी सुरू होताच बोट दाखवून, “तू प्रेसवर जा, तू पॅकिंगला, आणि तू काल कुठं उलथला होतास रे?” असे तिन्ही कलमांचे प्रशासन एका दमात उरकतो. प्रणालीत मात्र त्याने ठेकेदाराच्या प्रतिनिधीस विनंती पाठवावयाची, प्रतिनिधीने ती स्वीकारून आपल्या कामगारास आदेश द्यावयाचा, आणि मग कामगाराने प्रेसवर जावयाचे. प्रतिनिधी एकच आणि ठेकेदाराचे कारखाने चार असल्यामुळे तो पहिल्या पाळीस रांजणगावी असतो. विनंती त्याला सायंकाळी मिळते. तो ती जेवण झाल्यावर स्वीकारतो. आणि प्रणालीच्या दृष्टीने सकाळची सगळी पाळी रात्री साडेनऊला, एका क्षणात, कामाला लागते. अहवाल पाहणाऱ्या वरिष्ठांना या वेगाचे कौतुक वाटले.

ठेकेदारांचा तक्ता हे निराळेच प्रकरण निघाले. मूळ कायद्यात परवान्याची पायरी २० माणसांवर होती, तेव्हा १९ माणसांचे ठेकेदार विपुल असत; पुढे पायरी ५० वर चढली तेव्हा त्यांचीही बढती होऊन ते ४९ माणसांचे झाले. प्रणालीकारांनी हौसेने एक सोय केली होती, की दोन नोंदींत दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता एकच आढळला तर पिवळा दिवा लागावा. चाचणीच्या दिवशी पडदा हळदीकुंकवाच्या तबकासारखा पिवळा झाला नसता तरच नवल, कारण काका, पुतण्या, पुतण्याची सौभाग्यवती आणि मेहुणा हे चार स्वतंत्र उद्योजक एकाच गाळ्यात, एकाच दूरध्वनीवर, प्रत्येकी ४९ माणसे घेऊन बसले होते. सोय तत्काळ बंद करण्यात आली. दिवा लागण्याची कल्पना चांगली होती, असे मनुष्यबळ प्रमुखांनी इतिवृत्तात नमूद करविले.

आता माणसांकडे वळू. माणसाची ओळख पटवणे हे या प्रणालीचे आद्य कर्तव्य, आणि नाव अधिक जन्मतारीख यांवरून ती पटते असा प्रणालीशास्त्राचा सिद्धान्त आहे. हा सिद्धान्त मांडणारा कोणी महाराष्ट्रातल्या खेड्यात शाळेला गेलेला नसावा. आमच्याकडे मुलाला शाळेत घालावयास आलेल्या बापाला जन्मतारीख आठवत नसे. ‘पटकीच्या सालात, पेरणीच्या सुमारास’ एवढे तो सांगे. आणि गुरुजी, पहिलीत घेण्याइतके वय बसेल अशा बेताने, १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे या राज्यात निम्मी कर्ती माणसे १ जूनला जन्मलेली आहेत, आणि त्यांतही पवार, शिंदे, जाधव, गायकवाड या आडनावांखाली सुनील, संतोष, अनिल असे वाटप झालेले आहे. प्रणालीने पहिल्याच दिवशी नगर रस्त्यावरचे सात स्वतंत्र, परस्परांस अपरिचित, आणि ज्यांतला एक तर उंचीने दुसऱ्याच्या दीडपट असे गृहस्थ एकच माणूस होत असा निर्वाळा दिला. दुसऱ्या बाजूने बिहार-ओरिसाकडून आलेल्या मंडळींत नुसत्या एका नावाचे लोक पुष्कळ. आणि आडनावाचा रकाना तर सक्तीचा. टाइम ऑफिसातल्या कारकुनांनी पूर्वीच यावर तोड काढलेली होती: आडनावात एक पूर्णविराम टंकित करावयाचा. आज त्या कारखान्यात पूर्णविराम हे सर्वांत मोठे घराणे आहे, आणि वर्णानुक्रमाने यादी काढली की तेच शिरोभागी येते.

नावावर भिस्त नको म्हणून बोटांच्या ठशांची यंत्रे बसविण्यात आली. तेथे असे आढळले की कचेरीतल्या मंडळींचे बोट यंत्र पहिल्याच स्पर्शात ओळखते, आणि ओतकाम, घासकाम, विटा-वाळू, चुना-सिमेंट यांत हयात गेलेल्या माणसाचे बोट मात्र त्याला चारदा दाखवूनही ओळखता येत नाही, कारण त्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. ज्याने कमी काम केले त्याची हजेरी बिनचूक आणि ज्याने जास्त केले त्याचा खाडा, असा न्याय हे यंत्र कोणाचाही पक्षपात न करता देत राहिले. शेवटी फाटकावरच्या रखवालदाराने, जो स्वतः दुसऱ्याच ठेकेदाराचा होता, ‘हा रोज येतो, मी ओळखतो’ असे तोंडी सांगून माणसे आत सोडावयाची, असे ठरले. पातशाही चेहरेपट्टीपर्यंत आम्ही एवढा खर्च करून परत पोहोचलो होतो.

जन्मतारखेवरून आठवले. अशा प्रणाल्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप धाडण्याची सोय तयारच येते. कोणी मागितलेली नसते. वकीलसाहेबांना ती तिसऱ्या बैठकीत दिसली. कंपनीने कंत्राटी कामगारास ‘आमच्या परिवारातील सदस्य’ म्हणून दीर्घायुष्य चिंतणे यात नात्याची कबुली आहे, असा त्यांचा आक्षेप. माणूस म्हणून चिंतिले तर काय बिघडते, असा माझा क्षीण प्रश्न. तडजोड अशी झाली की शुभेच्छा ठेकेदारास जाव्यात आणि त्याने त्या पुढे पोहोचवाव्यात. पुढच्या १ जूनला एका ठेकेदारास, सूर्योदयापूर्वी, शंभराच्या घरात संदेश आले, की आपणामार्फत पुरविण्यात आलेल्या मनुष्यबळाच्या अमुक क्रमांकाच्या घटकाने आज आयुष्याचे आणखी एक वर्ष यशस्वीरीत्या पूर्ण केले आहे. बिचाऱ्याला वाटले की याचेही बिल लावावयाचे असते. आणि त्याने ते लावले.

पण या सर्वांहून नाजूक होते ते २४० दिवस. ज्यांनी कारखान्यात कधी चाकरी केली नाही त्यांना या आकड्याचे गांभीर्य सांगून कळणार नाही. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या हिशेबाने सलग एक वर्षाची नोकरी धरली जाई, आणि आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत तर तेवढे दिवस भरलेल्या हंगामी माणसास कायम करण्याचीच तरतूद होती. त्यामुळे दोनशे ओलांडले की सर्व औद्योगिक पट्ट्यात ‘ब्रेक’ नावाचा ऋतू सुरू होतो: माणूस घरी जातो, आठ-पंधरा दिवस शेतात किंवा पारावर काढतो, आणि परत येतो तेव्हा त्याचा पहिला दिवस असतो. मनुष्यबळ प्रमुखांना हवे होते की २१० व्या दिवशी प्रणालीने तांबडा दिवा लावावा. वकीलसाहेबांनी दोन्ही हात वर केले. १९७१ च्या आमच्या राज्याच्या अधिनियमात, अनुचित कामगार प्रथांच्या चौथ्या अनुसूचीत, बाब ६ अशी आहे की बदली, नैमित्तिक वा तात्पुरते म्हणून माणसे घेऊन, कायमपणाचे लाभ मिळू नयेत या उद्देशाने, त्यांना वर्षानुवर्षे तसेच ठेवणे ही अनुचित प्रथा होय. आता उद्देश ही मनातली गोष्ट. ती शाबीत करता करता कामगार संघटनांचे वकील म्हातारे होतात. आणि आपण, वकीलसाहेब कळवळून म्हणाले, तो उद्देश तांबड्या रंगात, तारीखवार, पडद्यावर लावणार?

तेव्हा दिवा राहिला, पण रंग निळा झाला. आणि त्याचे नाव ‘कौटुंबिक स्वास्थ्य स्मरणिका’ असे ठेवण्यात आले, कारण दीर्घ काळ सतत काम केलेल्या मनुष्यास विश्रांतीची आवश्यकता असते हे वैद्यकशास्त्रासही मान्य आहे. कामगारांत तो दिवा ‘गावाकडचा दिवा’ म्हणून ओळखला जातो.

ब्रेकमुळे ज्या गमती होतात त्यांत सुरक्षा-प्रशिक्षणाची गंमत मला विशेष वाटते. प्रणालीचा नियम असा, की नवागताने दोन तासांचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्याचा गेटपास छापला जाऊ नये. नियम चांगला आहे आणि त्याने बोटे वाचतात. पण नवागत म्हणजे काय, तर ज्याची रुजू झाल्याची तारीख नवी. एक प्रौढ गृहस्थ, जे त्याच प्रेसवर त्या प्रेसच्या उभारणीपासून आहेत, आणि ज्यांना विचारल्याशिवाय देखभाल विभागही त्या यंत्राला हात लावीत नाही, ते दर वर्षी पहिल्या बाकावर बसून, गेल्याच महिन्यात पदवी घेऊन आलेल्या मुलाकडून, आगीचा बंब कोठे असतो ते ऐकतात. मुलगा चुकला की ते हळूच सांगतात, “साहेब, तो आता तिथं नाही, स्टोअरच्या मागं नेला.” मग प्रणाली त्यांना परीक्षा घालते आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य भरून आत सोडते.

पगाराच्या पडद्यावर मात्र मी स्वतः अडून बसलो. १९७० च्या अधिनियमाने पगार देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली. तो न दिल्यास मुख्य मालकाने द्यावा व ठेकेदाराकडून वसूल करावा असेही सांगितले. आणि पगार वाटप होताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी तेथे हजर असावा व त्याने वेतनपत्रकाच्या शेवटी, ही रक्कम माझ्या समक्ष देण्यात आली, असा दाखला लिहावा अशी नियमांत व्यवस्था केली. ही व्यवस्था ज्याने योजिली त्याला माणसे ठाऊक होती. मी हे काम पुष्कळ केले आहे. टेबलावर नोटांच्या चवडी, शाईचा पॅड, अंगठे, आणि ठेकेदाराचा मुनीम दर दहा माणसांमागे एकाचे वीस रुपये ‘सुटे नाहीत’ म्हणून ठेवून घेताना मी पाहतो की नाही हे पाहणारा. तेथे समक्ष या शब्दाला वजन होते. आता पगार बँकेतून जातो, आणि ते उत्तमच झाले, मुनिमाचे सुटे संपले. पण दाखला राहिला. प्रणालीत त्यासाठी एक चौकोन आहे व त्यात बरोबरची खूण केल्याखेरीज महिना पुढे सरकत नाही. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत, रात्री दोनच्या सुमारास, विजेच्या रूपाने गेलेली रक्कम कोणाच्या समक्ष गेली, असे मी विचारले. कनिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले की तो खूण सकाळी, महिन्याभराच्या सगळ्या ठेकेदारांच्या मिळून, एकदमच करतो. मी हट्ट सोडला नाही. तेव्हा चौकोनाशेजारी ‘आभासी समक्षता’ असे लिहिण्यात आले व मला चहा देण्यात आला.

भविष्यनिर्वाह निधीची चलने हा त्याच पडद्याचा उत्तरार्ध. ठेकेदाराने निधी भरला नाही तर कंपनीच्या गळ्याशी येते, म्हणून चलनाची प्रत चढविल्यावाचून बिल पुढे जाऊ नये, ही प्रणालीतली सर्वांत गंभीर सोय. प्रत चढली की हिरवी खूण. वर्षभर सर्वत्र हिरवेगार होते. मग लेखापरीक्षकांना हुक्की आली आणि त्यांनी चढविलेल्या प्रती उघडून पाहिल्या. एका ठेकेदाराने एकच चलन बारा वेळा चढविले होते, आणि दुसऱ्याने, घाईत असावा, घरच्या लग्नाची निमंत्रणपत्रिका. प्रणालीने ती स्वीकारली होती; तिच्यावर तारीखही होती आणि शिक्काही होता, गणपतीचा. प्रणालीकारांना विचारता त्यांनी खांदे उडविले: आत काय आहे हे वाचावे असे मसुद्यात कोठे म्हटले होते?

या दोन तरुणांविषयी मला सहानुभूतीच वाटे. चहाच्या वेळी कळले की तेही हिंजवडीतल्या त्या कंपनीचे नव्हेत. मधल्या एका एजन्सीच्या पटावर आहेत, आणि त्यांचीही दर वर्षी नवी नेमणूक होते. फरक एवढाच की त्यांचा गेटपास गळ्यात रेशमी फितीने लटकतो.

कामाचे वर्गीकरण हाही एक रकाना होता. कायम स्वरूपाचे, उत्पादनाच्या गाभ्याचे काम ठेकेदाराकडून करवून घेण्यास कायद्याचा विरोध असतो. झाडलोट, उपाहारगृह, रखवाली, हमाली यांना तो नसतो. २९ कायद्यांच्या ज्या चार संहिता झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यांतही गाभ्याचे काम ही कल्पना अपवादांच्या मोठ्या लवाजम्यासह आलेली आहे. परिणामी आमच्या कारखान्यात, रकान्यातील नोंदी प्रमाण मानल्या तर, कोणीही काही बनवीत नाही. दोनतृतीयांश मनुष्यबळ झाडलोट करते. त्यांतले काही वेल्डिंगच्या साहाय्याने करतात. उरलेले माल चढवितात व उतरवितात. तो माल कोठून येतो हे प्रणालीस सांगता येत नाही.

प्रणालीकारांचा समज असा होता की हे सर्व आधुनिक काळाचे विकार आहेत, म्हणून मी त्यांना गिरण्यांचा इतिहास सांगितला. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर माणसे लावी, जॉबर काढी, आणि लावण्या-काढण्याबद्दल दस्तुरी घेई. १९३१ साली शाही कामगार आयोगाने त्यावर कोरडे ओढले. आणि १९३५ च्या सुमारास बदली कामगारांसाठी अशी पद्धत आली, की महिन्याच्या पहिल्या तारखेस काही निवडक माणसांना कार्डे द्यावीत, त्यांनी रोज सकाळी गिरणीच्या दाराशी हजर राहावे, आणि ज्याची जागा रिकामी असेल ती त्यांतूनच भरावी. पुठ्ठ्याचे कार्ड, वीज नाही, परवलीचा शब्द नाही. मुलांना ते फार आवडले. याला आम्ही मोबाईल ॲप म्हणतो, असे ती म्हणाली.

साखर कारखान्याच्या शेती खात्यात हयात घालविलेले माझे एक स्नेही एकदा सहज बैठकीस येऊन बसले होते. त्यांनी तर तक्त्याच्या मुळावरच घाव घातला. त्यांच्याकडे ऊसतोडीची माणसे माणसांत मोजीतच नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. मुकादमाला हंगामापूर्वी उचल देतात तीही कोयत्यांच्या हिशेबाने, आणि करार असतो तो मुकादमाशी. प्रणालीकारांनी विचारले, मग बायकोची ओळ कोठे? स्नेही म्हणाले, “ओळ कशाला? ती येतेच की.” खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग त्या मुलांपैकी एकाने, आपल्या रचनेत एका माणसास एक ओळ हे गृहीतच धरलेले असल्यामुळे, अर्ध्या कोयत्यासाठी दशांश चिन्ह चालेल का, असे विचारले. मनुष्यबळ प्रमुखांना ही कल्पना कारखान्यातही उपयोगी पडेल असे वाटले आणि त्यांनी ती टिपून घेतली.

अखेरीस प्रणालीचा उरलेला भाग सिद्ध झाला व त्याच्या चाचणीचा दिवस आला. दुहेरी नोंदी शोधून काढणे हे प्रत्येक सुसंस्कृत प्रणालीचे भूषण असते, आणि या सोयीचे पैसे कंपनीने वेगळे मोजले होते. १ जूनच्या गोंधळानंतर मुलांनी नाव-जन्मतारीख सोडून भविष्यनिर्वाह निधीच्या बारा अंकी क्रमांकावर ती बांधली होती. हा क्रमांक २०१४ पासून माणसाबरोबर फिरतो. ठेकेदार बदलले, तारखा बदलल्या, आडनाव जाऊन पूर्णविराम आला, तरी तो बदलत नाही. बटण दाबले, आणि प्रेसवरच्या त्या प्रौढ गृहस्थांच्या सगळ्या ओळी एकाखाली एक पडद्यावर आल्या: काकांकडे दोन वर्षे, पुतण्याकडे तीन, मेहुण्याकडे एक, पुन्हा काकांकडे, प्रत्येक दोन ओळींमध्ये पंधरा दिवसांचे कौटुंबिक स्वास्थ्य, यंत्र क्रमांक सर्वत्र तोच. खाली प्रणालीने अदबीने विचारले होते: ही एकच व्यक्ती असल्याचे दिसते, नोंदी एकत्र करू काय?

वकीलसाहेबांनी माउसवर हात ठेवला, म्हणजे अक्षरशः झाकला. मनुष्यबळ प्रमुखांनी खिडकी बंद केली. एकत्र केल्यास जी एकच लांब ओळ होईल ती न्यायालयात कोणालाही, चष्म्यावाचून, वाचता येईल, असे वकीलसाहेब पुटपुटले. सोय काढून टाकण्याचा खर्च किती, असे विचारता मुलांनी ती घालण्याच्या खर्चाहून थोडा अधिक सांगितला, कारण ती सर्वत्र विणली गेली होती. त्या वर्षी प्रणालीसाठी तरतूद उरलेली नव्हती. झाडलोटीच्या खात्यात होती, तिच्यातून द्यावे असे झाले. पण काढणे हाही एक पुरावाच ठरतो, अशी नवी शंका निघाल्याने सदरहू बाब पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवण्यात आली; आणि दरम्यान ‘एकत्र करा’ हे बटण पडद्यावर दिसावे, परंतु चालू नये, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. ते खरोखरच चालत नाही ना, हे दर सोमवारी दाबून पाहण्यासाठी एक माणूस ठेवला आहे. तो ठेकेदाराचा आहे.